उकळलेलं कुंकू

मी एकदा कुंकू उकळलं. चुकून सांडलं आणि गरम पाण्यात पडलं, असं काही नाही. मुद्दाम पाणी तापवून, घड्याळ लावून, चांगलं अर्धा तास उकळलं. तेव्हा माझं वय एक्केचाळीस होतं. रसायनशास्त्राची पदवी फ्रेम करून माझ्या कामाच्या शेडच्या भिंतीवर टांगलेली होती आणि ती फ्रेम मी दर शनिवारी स्वतःच्या हातानं पुसत होते. उकळलं की डाग जातो हे धुण्याच्या दगडावरचं ज्ञान मी त्या दिवशी वापरलं, भिंतीवरचं वापरलं नाही.

संपादकांनी लेख मागितला तेव्हा म्हणाले, "या धंद्यात बायका फारशा नाहीत, तुमचे अनुभव लिहा." नात म्हणाली, "आजी, कुंकवाचं नको लिहू. लोक आपल्या यशाबद्दल लिहितात." मी म्हटलं, "यशाला दोन ओळी पुरतील. बाकीची पानं कशानं भरू?" तेव्हा कुंकवाचंच लिहिते.

आधी धंदा सांगते, नाहीतर कुंकवाची गंमत कळायची नाही. आम्ही मोटारींच्या इंजिनाचे भाग नटवायचो. इंजिन दुरुस्त करणारे वेगळे. आम्ही इंजिनाला हात लावायचो तो फक्त ते सुंदर दिसावं म्हणून. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. बॉनेट उघडलं की पहिली नजर त्याच्यावर जाते. कुणाला ते आरशासारखं हवं असतं, कुणाला काळं, कुणाला निळं. एअर फिल्टरची टोपी, पंख्याची पुली, साधे नटबोल्टसुद्धा लोक आमच्याकडं चकाकी चढवायला आणायचे. "बॉनेटच्या आत कोण बघतंय?" असं मला नातेवाईक विचारायचे. मी म्हणायचे, "देव्हाऱ्याच्या आतसुद्धा कोण बघतं?" या उत्तराचा मला फार अभिमान होता. त्याचा अर्थ काय, हे मलाही नीट माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. पैठणकडच्या एका बागाईतदारानं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात तशी पुली हिंगुळाच्या रंगात मागितली आणि रंग जुळवायला शिंगाचं टोकच पिशवीत घालून आणलं. एकानं सगळं इंजिन आरशासारखं करून घेतलं आणि मग गाडीच सुरू करेना, कारण सुरू केली की तेल उडतं. आणि सुरकुत्यांच्या रंगाची एक तऱ्हा असते. हा रंग भट्टीत मुद्दाम आक्रसतो, त्याला बारीक सुरकुत्या पडतात, जुन्या गाड्यांना तो शोभून दिसतो. एक गृहस्थ तो भाग परत घेऊन आले. म्हणाले, "बाई, तुमचा रंग म्हातारा झाला." मी त्यांना वीस मिनिटं शास्त्र समजावलं. आता आरशात बघते तेव्हा वाटतं, माणसाला पटलं नव्हतं त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

हे सगळं मी शिकले ते उस्तादांकडून. हमीदभाई त्यांचं नाव, पण चिकलठाण्याच्या सगळ्या औद्योगिक वसाहतीत त्यांना उस्तादच म्हणायचे. आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. स्कूटरच्या भागांवर मुलामा चढवण्याचं काम. मी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून, ते खाली बफिंगच्या म्हणजे घासून चकाकी आणायच्या चाकाशी, मिशांवर धातूची धूळ घेऊन. कारखाना बंद पडला तेव्हा ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं कागद हाय, माझ्याकडं हात हाय. शेड भाड्यानं घेऊ." ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मला "केमिस्टबाई" म्हणायचे. पहिली काही वर्षं मला ती पदवी वाटायची. त्यात चेष्टा आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. मला काहीही ध्यानात यायला वेळच लागायचा.

उस्तादांचं खास काम म्हणजे चांद. सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर बारीक गोल गोल घासे उमटवायचे, रुपयाहून लहान, एकमेकांवर निम्मे चढलेले, माशाच्या खवल्यांसारखे. ड्रिल मशीनमध्ये लाकडी दांडी बसवायची, तिच्या टोकाला नमदा म्हणजे जाड लोकरीचा तुकडा आणि त्यावर घासायची एमरीची पूड, दांडी फिरती ठेवून पाटीवर क्षणभर टेकवायची, उचलायची, पाटी निम्म्या चांदाएवढी सरकवायची, पुन्हा टेकवायची. टेकवली की एक चांद. पाटी हलवली की उजेड त्या चांदांवरून पाण्यासारखा धावतो. सरकवायला पट्टी नाही, खूण नाही, सगळं डोळ्याच्या आणि हाताच्या अंदाजानं. एक चांद जरी वाकडा पडला तरी ओळ जाते, आणि ओळ गेली की पाटी पुन्हा घासून कोरी करायची. मी त्यांच्या नजरेखाली तीन ओळी केल्या होत्या. तिसरी बघून ते म्हणाले होते, "बाई, ये चांद नै, ये चांद कू ग्रहण हय."

रावसाहेब आमच्याकडं आले ते अशाच पाटीसाठी. गारखेड्यात बंगला, वेरूळच्या वाटेवर शेती, आणि वडिलांनी वापरलेली जुनी परदेशी गाडी. माणूस मोठ्या आवाजाचा, पण मनानं उमदा. गाडीच्या टॅपेट कव्हरवर त्यांना चांदांची पाटी बसवायची होती. असं काहीतरी त्यांनी एका प्रदर्शनात बघितलं होतं, नाव माहीत नव्हतं. "ते चमचम करतं ना, तसं काईतरी करा," एवढंच म्हणाले. आणि वर सांगितलं, "दसरा झाला की येतो. तवर गाडी उभी हाय, घाई नाय."

उस्तादांचे हात त्या वर्षी थरथरायला लागले होते. चहाची बशी धरली की कपाचा आवाज यायचा. डोळेही मंद झाले होते. त्यांनी मला सांगून टाकलं होतं, या दिवाळीनंतर मी येणार नाही, छावणीतल्या घरी नातवंडांत बसणार. रावसाहेबांचं काम ऐकून म्हणाले, "ही पाटी मी करतो. शेवटची. ही चांगली गेली पाहिजे." बास, एवढंच. पण चाळीस वर्षं काम केलेला माणूस "चांगली गेली पाहिजे" म्हणतो तेव्हा त्याला काय हवंय ते कळतं. आपल्या हातची एक गोष्ट, हात जायच्या आधी, डागाशिवाय बाहेर पडावी.

त्या एका पाटीला त्यांना अकरा दिवस लागले. सकाळी पहिल्या चहानंतर तासभर हात स्थिर असायचा, तेवढाच वेळ बसायचे. श्वास रोखायचा, दांडी टेकवायची, उचलायची, श्वास सोडायचा. एका चांदाला एक श्वास. तेवढा वेळ मी फॅनसुद्धा बंद ठेवायचे. दुपारनंतर ते पाटीकडं बघायचेही नाहीत, कापड टाकून ठेवायचे. त्या अकरा दिवसांत आमच्या शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी तर नाहीच, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना हे किती अवघड होतं ते कळेल.

पाटी अष्टमीला पुरी झाली. आता तिला ॲनोडायझिंग करायचं होतं, आणि ते माझं खातं. सोप्या भाषेत सांगते. अ‍ॅल्युमिनियमचा भाग आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली की त्याच्यावर एक कडक पारदर्शक थर येतो. त्यामुळं चकाकी टिकते, ओरखडे पडत नाहीत. पण हा थर ताजा असतो तेव्हा मधाच्या पोळ्यासारखा असतो, डोळ्यांना न दिसणारी लाखो भोकं. रंगीत हवा असेल तर या वेळी भाग रंगात बुडवतात, भोकं रंग पिऊन घेतात. नंतर शुद्ध पाण्यात अर्धा तास उकळायचं. त्यानं भोकं मिटतात आणि आतलं कायमचं आत राहतं. आमच्या शेडमध्ये म्हणायचे, भागाचं तोंड बंद केलं. तळहातावर मेंदी ओली असते तेव्हा आपण कशाला हात लावत नाही, तसंच तोंड उघडं असलेल्या भागाला कुणी बोट लावायचं नाही.

अष्टमीला संध्याकाळी पाटी टाकीतून बाहेर आली. रावसाहेबांना ती रंगीत नको होती, नुसती लख्ख हवी होती. उकळायचं तेवढं राहिलं होतं. पण उकळायची टाकी तापायला दोन तास, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं यंत्राला हात लावत नाहीत. यंत्रं धुवून पुसून मांडायची, पूजा करायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. मग दसरा, तेव्हाही सुट्टीच. म्हणून पाटी तशीच ठेवली. जाताना उस्ताद दारात थांबले आणि म्हणाले, "बाई, मूं खुल्ला हय इसका. झाकून ठेवा." मी म्हटलं, "उस्ताद, मला सांगता?"

मला सांगता. हे दोन शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरले.

खंडेनवमीला सकाळी मी नऊवारी नेसून शेडमध्ये गेले. उस्ताद आले नव्हते, पण दरवर्षीप्रमाणे आदल्या दिवशी झेंडूच्या माळा आणून बादलीत भिजत ठेवून गेले होते. मी बफिंगच्या चाकाला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, टाक्यांना लावलं, विजेच्या पेटीला लावलं, आम्ल मोजायच्या भांड्याला लावलं. सगळ्यांना हळदीकुंकू झालं आणि मग माझी नजर कापडाखालच्या पाटीवर गेली. मी कापड काढलं. खिडकीतून ऊन येत होतं, चांदांवरून उजेड धावला. खोटं नाही सांगत, माझे डोळे भरून आले. या माणसानं अकरा दिवस श्वास रोखून केलेलं शेवटचं काम, आणि या शेडमधल्या फडक्यालासुद्धा आज कुंकू, मग याला का नाही? मी पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोटं बुडवली आणि पाटीच्या मधोमध पाच बोटं ओढली. वर हळदीचा ठिपका. हात जोडले. किती प्रसन्न वाटलं म्हणून सांगू.

बाजारातलं कुंकू म्हणजे निम्मा कारखान्यातला रंग असतो. हे मला माहीत होतं. पाण्यात कालवलं की तो रंग विरघळतो, हेही माहीत होतं. पाटीचं तोंड उघडं आहे, हे तर आदल्या संध्याकाळी पुन्हा सांगून झालं होतं. तिन्ही गोष्टी डोक्यात होत्या, पण तिन्ही वेगवेगळ्या खोलीत बसल्या होत्या आणि मधली दारं मी नऊवारी नेसताना लावून घेतली होती.

एकादशीला सकाळी लवकर येऊन ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. चाकाचं गेलं, ड्रिलचं गेलं, पाटीचं गेलं नाही. पाच लाल पट्टे, चांदांच्या आतून आल्यासारखे. साबण लावला. स्पिरिट लावलं. पट्टे तसेच.

इथं खरी चूक आहे. कुंकू लावलं ती भक्ती होती, तिला माफी असेल. पण छावणीला एक फोन केला असता तर उस्तादांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं, नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवा, तोंड उघडं आहे तोवर रंग निघतो. मीही पुस्तकात वाचलेलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला पुस्तकातलं आठवत नाही, त्याला आईनं केलेलं आठवतं. आणि फोन मी केला नाही, कारण "मला सांगता?" म्हणून अजून तीन दिवसही झाले नव्हते. मी टाकी तापवली. उकळत्या पाण्यात सोडली की कुंकू सुटून पाण्यात येईल, म्हणून पाटी आत सोडली आणि समोर स्टूल घेऊन बसले. अर्धा तास. पाणी स्वच्छच्या स्वच्छ. पाणी लाल का होत नाही याचं मला नवल वाटत होतं. पाटी बाहेर काढली तेव्हा हळद जरा फिकटली होती. कुंकू मात्र जास्तच खुललं होतं. जे कुलूप मी उघडायला निघाले होते, ते मी स्वतः लावून चावी गिळली होती.

उस्ताद नऊ वाजता आले. मी पाटी पुढं केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग खिडकीशी जाऊन तिरपी केली. लाल पट्ट्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"उबाली?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मेरे कू पूछे क्यों नै?"

मी म्हटलं, "थर काढून टाकू. कॉस्टिकमध्ये घातली की निघतो, पुन्हा करू."

"थर के साथ चांद भी जाते," ते म्हणाले. मला हेही माहीत होतं. कॉस्टिक वरचा धातू खातं, आणि चांद म्हणजे वरच्या धातूवरचे हलके घासेच. मी म्हटलं, "मग चांद पुन्हा…" आणि थांबले. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हात काय बोलायचं ते बोलत होते.

अशातच रावसाहेबांची रोजची गाडी दाराशी आली. घाई नाही म्हणणारा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी हजर. मी ठरवलं होतं, खरं सांगायचं, माफी मागायची, नवीन पाटी मी कुठूनही करून आणीन म्हणायचं. वाक्य तयार होतं. पण रावसाहेबांनी टेबलावरची पाटी बघितली आणि वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "कुंकू बसवलंय व्हय?" त्यांनी अंगठ्यानं घासलं. थुंकी लावून घासलं. खिशातल्या रुमालावर पेट्रोल घेऊन आले आणि त्यानं घासलं. "निघत नाय?"

"नाही निघत," मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

"लई बेस. आवो, दर दसऱ्याला आम्ही कुंकू लावतो अन् आठ दिवसांत धुरानं काळं हुतं. ह्ये म्हंजे कायमचं. बाई, कसं केलं ह्ये?"

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं, ते मी गेली पंचवीस वर्षं अंघोळ करताना म्हणत आले आहे. तेव्हा मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "आमची खास रीत आहे."

उस्ताद बफिंगच्या चाकापाशी बसले होते. त्यांनी मान वर केली.

रावसाहेब खूश होऊन पाटी कापडात गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "अन् ह्ये गोल गोल? ह्ये छापून मिळतं का?"

"मशीनवर करतात," मी म्हटलं. ड्रिल हे मशीनच, त्यामुळं ते खोटंही नव्हतं. इतकं हिशेबी खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर उस्ताद उठले, ड्रिलमधली लाकडी दांडी सोडवली, तिच्यावरचा नमदा झटकला आणि ती सदऱ्याच्या खिशात घातली. दारात पोचल्यावर म्हणाले, "गलती कू तुम हुनर बोले, बाई. अब हुनर कू क्या बोलेंगे?"

दिवाळीपर्यंत येणार होते, पण ते दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

आणि माझा धंदा वाढला. रावसाहेबांच्या ओळखी मोठ्या, आणि बॉनेट उघडून दाखवायची त्यांना हौस. महिन्याभरात तीन माणसं कुंकवाची पाटी मागायला आली. मग जीपवाले आले, ट्रॅक्टरवाले आले, एक उसाच्या टोळीचा मुकादम आला. कुणाला स्वस्तिक, कुणाला पाच बोटं. मी कागद कापून साचे केले, कुंकवात पाणी किती, किती मिनिटं ठेवायचं, सगळं वहीत बसवलं. नायट्रिकनं पुसून पुन्हा लावायचीही युक्ती आता माझ्या हाताशी होती, जी वेळेवर सुचली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. लोक "बाईंची रीत" म्हणायला लागले. मी हसायचे, चहा मागवायचे. संध्याकाळी शेड बंद करताना ड्रिलच्या रिकाम्या तोंडाकडं मात्र बघायचे नाही. छावणीवरून जाणारा रस्ता मी त्या दिवसांत टाळत होते. बाबा पेट्रोल पंपाकडून लांबचा वळसा घालून घरी जायचे आणि घरी सांगायचे, तिकडं गर्दी असते.

पुढच्या उन्हाळ्यात रावसाहेब एका मित्राला घेऊन आले. मित्रालाही जुनी गाडी, तीही नटवायची होती. शेडच्या दारात बॉनेट उघडून रावसाहेब दाखवत होते, "ह्ये बघा कुंकू. बाईंची रीत हाय, दुसऱ्या कुणाला येत नाय."

मित्र शांत माणूस होता. तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "कुंकू राहू दे. हे खालचं कुणी केलंय?"

"त्ये व्हय? त्ये मशीनचं," रावसाहेब म्हणाले.

हा शब्द माझाच होता. अकरा दिवस, फॅन बंद, एका चांदाला एक श्वास. मी म्हटलं, "रावसाहेब, ते मशीनचं नाही." आणि मग एकदा तोंड उघडलं ते थांबेना. खंडेनवमी, नऊवारी, पाच बोटं, उकळतं पाणी, उस्तादांचे हात, माझं "खास रीत आहे". सगळं सांगितलं, तेही उन्हात उभं राहून, मित्रासमोर. मित्र बिचारा मध्येच जरा लांब जाऊन उभा राहिला.

रावसाहेबांचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हळू म्हणाले, "म्हंजे ज्याचं मी इतके म्हैने कौतुक केलं ती तुमची चूक. अन् ज्याला मी मशीन म्हणलो, तो मानूस."

"व्हय."

"बाई, तुम्ही शिकलेल्या हायत म्हणून गप बसतो. बसा गाडीत."

"कुठं?"

"मानूस दावा मला. कुठं म्हंजे काय?"

छावणीतली ती गल्ली अरुंद, रावसाहेबांची गाडी जेमतेम शिरली. उस्ताद ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. सहा-सात महिन्यांत फार वाळले होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं बसा, पण ते उठलेच. रावसाहेब उतरले, बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले. मग म्हणाले, "उस्ताद, मी आडानी मानूस. ह्ये कसं केलं त्ये मला सांगा."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांना कळलं की मी सांगितलंय. मग त्यांनी खिशात हात घातला, पण दांडी काही खिशात नव्हती, आत घरात होती. सुनेला हाक मारून मागवली. ती दांडी हवेत धरून त्यांनी रावसाहेबांना दाखवलं, कशी टेकवायची, कशी उचलायची, पाटी किती सरकवायची. हात थरथरत होते, त्यामुळं ते दांडी दोन्ही हातांनी धरून दाखवत होते. "सांस रोकना पडता," ते म्हणाले. रावसाहेब एवढे मोठे, पण त्यांनीही श्वास रोखून बघितलं. मग गल्लीतली चार माणसं जमली. कुणीतरी ऊन पाटीवर पडेल असा आरसा धरला आणि उजेड चांदांवरून धावला. उस्ताद इंजिनावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्या मंद डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. ओळी मोजत होते.

रावसाहेबांना आत पाण्याला बोलावलं. चपला काढून ते आत गेले. मी ओट्याजवळ तशीच उभी होते. माफी कशी मागायची याचं वाक्य जुळवत होते, आणि मला वाक्य जुळवायला नेहमीप्रमाणे वेळ लागत होता. उस्ताद आज हयात नाहीत. त्या दिवशी ते मला जे बोलले ते त्यांनी कुणापुढं सांगितलं नाही, म्हणून मीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. मी वाक्य जुळवत असतानाच ते बॉनेटच्या आडोशानं माझ्याकडं झुकले, आत रावसाहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात बोलले, आणि मिशीतल्या मिशीत हसत होते.

"सातवी लाइन में एक चांद टेढा पड गया था, बाई. तुम्हारा कुंकू बराबर उसके उप्परच बैठ्या. रावसाहेब कू नक्को बोलो."